तीन हाका

सिमोसने सुरई तिरपी केली आणि मद्याची धार पेल्यात न सोडता लाम्पोनच्या पायांपुढे मातीत सोडली.

"घे," तो म्हणाला. बोलताना त्याची नजर धक्क्याला लागलेल्या गलबतांवर होती.

लाम्पोनने पुढे केलेला पेला तसाच त्याच्या हातात राहिला. मातीने मद्य पिऊन टाकले, तांबूस डाग उरला आणि त्यावर दोन माश्या येऊन बसल्या.

"हे काय?"

"मेलेल्या माणसाला असंच देतात. तुला का सांगायला पाहिजे? तूसुद्धा कितीजणांना पाजलंयस असं."

"मी मेलेलो नाही."

"असं तू म्हणतोस."

लाम्पोनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून ती अशी चार-पाच वेळा तरी वर-खाली करत होती. धान्याच्या गलबतावर वल्ही मारत तो आजच हालोनच्या धक्क्यावर उतरला होता. सहा वर्षांपूर्वी याच धक्क्यावरून खारवलेल्या कुपा माशाचे रांजण भरून तो निघाला, तेव्हा हा गुत्तेवाला सिमोस त्याच्याच गलबतावर होता. भूशिराजवळ वादळाने गलबत फोडले. एकटा सिमोस पोहत किनाऱ्याला लागला आणि खडकावर उभा राहून रिवाजाप्रमाणे त्याने प्रत्येक सोबत्याच्या नावाने तीन-तीन हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. मग त्याने गावात येऊन तसे सांगितले आणि गावाने बुडालेल्यांची रिकामी थडगी बांधली. लाम्पोन मात्र एका फळीला मिठी मारून उत्तरेच्या किनाऱ्याला लागला होता. तिथल्या घोडेवाल्या लोकांनी त्याला मिठागरात जुंपला आणि सहा वर्षे त्याच्याकडून मीठ ओढवून घेतले.

त्या सहा वर्षांत परतण्याचा हा दिवस त्याने मनात इतक्या वेळा रंगवला होता की त्यातले लोक काय काय बोलणार हेही त्याने ठरवून ठेवले होते. प्रत्यक्षात धक्क्यावरचे हमाल बाजूला सरले. कोळणींनी पाट्यांवर फडकी ओढली. एका म्हातारीने त्याला पाहून स्वतःच्याच छातीवर थुंकून दृष्ट काढली. घरी गेला, तर दारापर्यंत पोहोचायच्या आत शेजाऱ्यांनी आरडाओरडा सुरू केला. मिर्तोने, त्याच्या बायकोने, दार अर्धे उघडले. कडीवर हात ठेवून तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग दार लावून घेतले. आपटले असते तरी चालले असते, पण तिने ते अगदी हळू लावले आणि तेच त्याला जास्त लागले.

"तीन हाका मारल्या मी तुला," सिमोस म्हणाला. "घसा फुटेस्तोवर. तू ओ दिली नाहीस."

"मी पाण्यात होतो, गाढवा! तोंडात समुद्र होता माझ्या!"

"असेल. पण ओ दिली नाहीस ना?" सिमोसने सुरईला बूच लावले. "हे बघ, मला काही आनंद होत नाही. तू देवळात जाऊन लेओदामासला भेट. तो मार्ग सांगेल. आणि तोवर त्या बाकावर बसू नकोस, गिऱ्हाईक पळतंय माझं."

लाम्पोन उठला, पेला भिंतीवर आपटून फोडला आणि निघाला. मागे सिमोसने तुकडे हाताने उचलले नाहीत. झाडूने उंबऱ्याबाहेर लोटले.

देवळाभोवती सीमेचे दगड होते. पुजारी लेओदामास दगडांच्या आत उभा राहिला, लाम्पोन बाहेर. पुजारी फार मवाळ माणूस होता. त्याने कधी कोणावर आवाज चढवला नव्हता, आणि आवाज चढवणाऱ्या माणसाला अशा माणसाशी भांडताच येत नाही.

"तू परत आलास, अपोलोला आनंदच आहे," लेओदामास म्हणाला.

"मग आत येऊ द्या मला."

"आनंद आहे, पण विटाळही आहे. तुझं उत्तरकार्य झालंय, लाम्पोन. मी स्वतः केलं. चांगलं झालं होतं."

"पण मी मेलोच नव्हतो!"

"त्याला आता काय करणार? कार्य झालं म्हणजे माणूस या जगातून गेला. आणि या जगात यायची वाट एकच आहे, बाईच्या पोटातून. तुला परत जन्म घ्यावा लागेल."

लाम्पोनला वाटले म्हातारा थट्टा करतोय. पण लेओदामास कधी थट्टा करत नसे. त्याने शांतपणे सगळे समजावून सांगितले. अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी सुईणीने लाम्पोनला न्हाऊ घालायचे, तान्ह्या मुलासारखे पट्ट्यांत गुंडाळायचे, तोंडावर कापड घालायचे. मग एका बाईने त्याला मांडीवर घेऊन छातीशी लावायचे. दूध असलेच पाहिजे असे नाही, तोंड लागले की झाले. त्या घटकेपासून ती त्याची आई, देवापुढे आणि गावापुढे, जन्मभर.

"मला आई होती. तिच्या शेजारीच तर माझं थडगं बांधलंत तुम्ही!"

"म्हणून तर दुसरी हवी," पुजारी म्हणाला. "आणि एक लक्षात ठेव. तान्हं मूल बोलत नाही. गुंडाळल्यापासून सूर्य मावळेपर्यंत तोंडातून एक शब्द गेला तर सगळं फुकट. पुन्हा करता येत नाही. मग तू आहेस तसाच राहशील, वेशीबाहेर."

आजूबाजूला माणसे जमली होतीच. त्यांतले कोणीतरी म्हणाले, "लाम्पोन, आणि दिवसभर गप्प!" आणि सगळे खदखदा हसले. लाम्पोनने भाव पुकारला की तो धक्क्यावरून वेशीपर्यंत ऐकू जाई, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होते.

"आणि तोपर्यंत मी राहू कुठे?"

"तुझी जागा आहे ना," लेओदामास म्हणाला. "मिर्तोने चांगला दगड लावलाय."

दगड खरोखरच चांगला होता. वेशीबाहेरच्या रस्त्यालगत, त्याच्या आईबापांच्या थडग्यांना लागून उभा. वर त्याचे नाव कोरले होते, खाली मिर्तोचे, आणि मध्ये शीड फुगलेले गलबत. लाम्पोनने ते गलबत नीट पाहिले आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पाथरवटाने शिडाची दोरी उलट्या बाजूला बांधली होती. असले गलबत धक्का सोडायच्या आधीच आडवे झाले असते. सहा वर्षे येणारे-जाणारे लोक ते पाहत होते, आणि त्याला बोलायची सोय नव्हती.

तो तिथेच राहू लागला. दिवसा दगडाच्या सावलीत बसे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारी. लोक थडग्याला करतात तसा नमस्कार करून पुढे जात. काहीजण नमस्कार दगडाला करत, त्याला नाही.

म्हातारी सुईण फानो तेवढी त्याच्याशी सरळ बोले. जन्म-मरणाच्या विटाळात तिचे आयुष्य गेले होते, त्यामुळे तिला कशाचेच भय नव्हते. काठी टेकत येई आणि बातमी सांगून जाई. बातमी रोज एकच असे.

"नाही म्हणाली."

"आता कोण?"

"कुंभारवाड्यातली. काल दोऱ्या वळणाऱ्याची सून नाही म्हणाली. त्यांचं म्हणणं, मेलेल्याच्या तोंडी छाती दिली तर आपल्या लेकरांचं आयुष्य त्याच्या वाट्याला जातं. पोरं असलेली एकही बाई तयार नाही रे."

"सिमोसची बायको? त्याच्यामुळे तर हे सगळं झालं!"

"तिने मला बघून दार लावून घेतलं."

"मग तूच का होत नाहीस?"

"मी झालेच होते तयार. माझे चारही मुलगे उंबऱ्यात आडवे पडले, जायचं तर आमच्यावरून जा म्हणाले." फानोने दगडाला टेकून पाठ सरळ केली. "तुला पहिल्यांदा मीच ओढून काढला होता. तेव्हाही डोकं अडलं होतं तुझं. तुझी आई दीड दिवस ओरडत होती."

"मला आता ते ऐकायचं नाही."

"तुला कधी काय ऐकायचं असतं?" म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

महिन्यातला एक दिवस मृतांचा असे. त्या दिवशी ऊन कलल्यावर मिर्तो आली. डोक्यावर टोपली होती. खाऱ्या पाण्याने विटलेले तेच तपकिरी वस्त्र, बाह्या वर सारलेल्या. तो गेल्यापासून मासे खारवायची वखार तीच चालवत होती. लाम्पोन धडपडत उभा राहिला.

"मिर्तो!"

झाडाला वळसा घालावा तसा तिने त्याला वळसा घातला आणि दगडासमोर बसली. ओल्या फडक्याने दगड पुसला, तेल लावले, लोकरीची नवी फीत बांधायला घेतली. मधात घोळलेल्या जवाच्या वड्या ताटलीत मांडल्या. मेलेल्याकडे आलेल्या माणसाने दगडाशी बोलायचे असते. इकडेतिकडे पाहायचे नसते.

"अहो, ऐकताय ना?" ती दगडाला म्हणाली.

"ऐकतोय की! इकडे बघ ना!"

"या खेपेला कुपा उशिरा आला. आला तो लहान आला. मीठही ओलं निघालं, वाळवण्यात आठवडा गेला. मागच्या छपराची गळती मी माणूस लावून बुजवून घेतली. तुम्ही असता तर म्हणाला असता, थांब, मी करतो. आणि ते पुढची तीन वर्षं गळत राहिलं असतं."

"मी इथे आहे, मिर्तो! दगडात नाही!"

वारा पडायची वाट पाहावी तशी ती थांबली. तो ओरडायचा थांबल्यावर पुढे बोलू लागली. लाम्पोन चिडून दगडामागे जाऊन उभा राहिला, म्हणजे तिला वर पाहावे लागेल. तिने मान खाली घालून फितीची गाठ मारली.

"पहिल्यांदा आले तेव्हा काय बोलावं तेच कळेना. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला बोलायची सवयच नव्हती. माझं वाक्य अर्धं व्हायचं तोवर तुमचं सुरू व्हायचं. मग इथे लागली सवय. दर महिन्याला यायचं, सगळं सांगायचं. तुम्ही ऐकून घ्यायला लागलात."

लाम्पोनने तोंड उघडले. आधी कधी ऐकून घेतले नव्हते काय, असे त्याला विचारायचे होते. पण हे विचारायला तिचे बोलणे तोडावे लागत होते, आणि तेवढे त्याच्याही ध्यानात आले.

तिने ताटली थोडी सरकवली. वड्यांवर मध चमकत होता. घरात मध असला की तो पाहुण्यांसाठी असे. त्याच्या ताटात तिने कधी वाढल्याचे त्याला आठवेना. पण मग त्याला दुसरेच काही आठवले. शेजारपाजारी मुलगा झाला की त्या दारावर ऑलिव्हची डहाळी लागे, आणि त्या रात्री तो जेवताना थाळी दूर सारायचा. "आपल्या दाराला कधी लागायची डहाळी?" असे विचारायचा. दरवेळी, तेच शब्द. मिर्तो नंतर एकटी जेवायची. कधीकधी जेवायची नाही.

"एक विचारू?" ती दगडाला म्हणाली. "तिकडे मिठागरात काय आठवायचं?"

या प्रश्नाचे उत्तर लाम्पोनजवळ तयार होते. सहा वर्षे तो दुसरे काही करत नव्हता.

"घर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "आपलं दार. त्याची ती पितळी कडी, हिवाळ्यात हाताला चटका द्यायची बघ. माशाची आमटी. सिमोसकडचं मद्य. रात्री डोळे मिटले की मी कडी वाजवायचो. घरच आठवायचं गं."

मिर्तोने फितीची गाठ आणखी घट्ट केली.

"आणि आता काय हवंय?"

"हे काय विचारणं झालं? घरात यायचंय! माझ्या दारातून, माझ्या पायांनी. आणखी काय हवं असणार मला?"

"एवढंच ना?"

"एवढंच!"

ती उठली. टोपली उचलली आणि मागे वळून न पाहता वेशीकडे चालू लागली. थडग्यावरून निघाले की वळून पाहायचे नसतेच. लाम्पोन तिच्या पाठीला उद्देशून बराच वेळ ओरडत राहिला. मग भूक असह्य झाली आणि त्याने स्वतःच्या नैवेद्याच्या वड्या खाल्ल्या. बोटेही चाटली.

अमावास्या जवळ आली आणि बाई काही मिळेना. ही वेळ गेली की गलबतांना समुद्र बंद होणार, थंडी येणार, आणि थडग्याच्या आडोशाला हिवाळा काढायचा म्हणजे मरण खरे करून दाखवायचे. लाम्पोनचा धीर सुटला. एका सकाळी तो देवळाच्या सीमेवर जाऊन उभा राहिला. झऱ्यावरून पाणी भरून बाया परतत होत्या, बाजाराला निघालेले लोक होते. त्याने तो प्रसिद्ध आवाज लावला.

"कुठे आहे तुमची बाई? सहा वर्षं मीठ ओढलं मी, या गावात मरायला नाही आलो!"

लेओदामास घाईने बाहेर आला. "शांत हो. देव धाडेल कोणीतरी."

"कोणीही धाडा म्हणावं! आंधळी धाडा, पांगळी धाडा, दात पडलेली धाडा! मला काय तिच्याशी लग्न लावायचंय? जी कोणी मला छातीशी लावील ती माझी आई! मरेपर्यंत आई! अपोलोची शपथ!" आणि बोलण्याच्या भरात त्याने सीमेच्या दगडावर हात मारला.

दगडावर हात ठेवून घेतलेली शपथ परत घेता येत नाही. शिवाय आता तो दगड समुद्राच्या पाण्याने धुवावा लागणार होता.

"शपथ कशाला घेतलीस, मेल्या?" फानो म्हणाली. एरवी ही नुसती शिवी असते. त्या दिवशी गावाच्या मते ते खरेच होते, त्यामुळे कोणी हसले नाही.

पाणी नेणाऱ्या बायांत एकीने डोक्यावरचा घडा खाली ठेवला होता. तिने चुंबळ झटकून पुन्हा नीट बसवली, घडा उचलला आणि चढ चढू लागली. लाम्पोन तेव्हा पुजाऱ्याशी भांडत होता.

दुसऱ्याच दिवशी फानो थडग्यावर आली. "मिळाली," एवढेच म्हणाली.

"कोण?"

"ते सांगायचं नसतं. बाळाला विचारून आई ठरते होय?"

"म्हातारी आहे का? निदान घरंदाज तरी?"

"घरंदाज आहे," फानो म्हणाली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. "आणि तिला गमवायला लेकरू नाही."

नव्या चंद्राच्या सकाळी त्याला झऱ्याखाली बसवून न्हाऊ घातले. पाणी बर्फासारखे होते. तो दात खाऊन बसला. इतके मोठे बाळ गुंडाळायला पुरेल असे दुपटे गावात नव्हते, म्हणून जुन्या शिडाच्या पट्ट्या फाडल्या होत्या. फानोने हात अंगाशी बांधले, पाय जुळवून बांधले, शेवटी तोंडावर लोकरीचे मऊ कापड घातले.

"आता तोंडाला कुलूप," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "एक शब्द गेला तर संपलं."

कुपा वाहून नेणाऱ्या चार हमालांनी त्याला माशाच्याच डोलीवर घातला. डोलीला माशाचा वास होता. एक हमाल म्हणाला, "बाळ चांगलंच गुटगुटीत आहे." दुसरा म्हणाला, "बापावर गेलं असेल." लाम्पोनजवळ दोघांसाठीही उत्तरे तयार होती, चांगली उत्तरे होती, आणि ती त्याला गिळावी लागली. त्यात नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. सहा वर्षांच्या मिठागरात त्याला एवढे असहाय वाटले नव्हते. वाटेत सिमोसचा आवाज आला, "काय लाम्पोन, कसं काय?" आणि पाठोपाठ काठीचा फटका बसल्याचा आणि सिमोस ओरडल्याचा. तेवढा एक क्षण बरा गेला.

मग डोली खाली ठेवली. लोकांचा गलका थांबला. कोणीतरी त्याचे डोके उचलून मांडीवर घेतले.

मांडीला मिठाचा वास होता. पण हालोनात कोणाला नसतो? त्याखाली मरव्याचा वास होता. तोही पुष्कळ घरांत असतो. लाम्पोनने डोळे मिटून घेतले आणि हे सगळे लवकर उरकू दे अशी देवाला विनवणी केली. तेवढ्यात एका हाताने त्याच्या तोंडावरचे कापड ओठांपुरते वर सारले, आणि त्या हाताचा अंगठा त्याच्या गालाला लागला. अंगठ्यावर जाड व्रण होता. मासा चिरताना सुरी लागून झालेला, लग्नाच्या पहिल्या वर्षी. ती जखम लाम्पोनने स्वतः बांधली होती आणि बांधताना तिच्या वेंधळेपणावर बराच वेळ बोललाही होता.

कापडाखाली त्याचे डोळे उघडले.

"नाही, ही माझी बायको आहे." एवढेच म्हणायचे होते. वाक्य जिभेवर येऊन बसले होते. ते म्हटले की मिर्तो त्याची बायको राहिली असती, वेशीबाहेरच्या दगडाची बायको, महिन्यातून एकदा येणारी. आणि न म्हणता तोंड उघडले, तर घर त्याचे होते, दार होते, पितळी कडी होती. जे जे त्याने मागितले होते ते सगळे. तिने दोनदा विचारून घेतले होते.

तिने घाई केली नाही. त्याचे डोके दाबले नाही, ओढले नाही. नुसते धरून ठेवले. तिच्या छातीची धडधड त्याला कापडातूनही ऐकू येत होती, खूप वेगाने चाललेली. ती भ्याली होती. इतकी वर्षे संसार करून ती घाबरल्यावर तिचे काळीज कसे धडधडते हे त्याला माहीत नव्हते.

लाम्पोनने ते वाक्य तसेच सोडून दिले आणि तोंड पुढे केले.

जन्मलेल्या मुलाला रडावे लागते. त्यासाठी फानोने चिमटा काढायची तयारी ठेवली होती, पण त्याची गरज पडली नाही. पट्ट्यांत बांधलेले ते भलेमोठे शरीर गदगदा हलू लागले आणि शिडाच्या कापडातून असा आवाज निघाला की पुढे उभ्या असलेल्या बाया मागे सरल्या.

"रडला!" फानो ओरडली. "रडला गं बाई!"

कापड काढले तेव्हा मिर्तो त्याच्याकडे पाहत होती. परत आल्यापासून दुसऱ्यांदा. तिने त्याचे नाक हातानेच पुसले, जिथे मघापासून खाज सुटली होती तिथे.

टोपलीत ऑलिव्हची डहाळी तिने आधीच वळून ठेवली होती. ती घेऊन ती पुढे चालली, मागून पट्ट्या सोडलेला लाम्पोन, त्याच्या मागून अर्धे गाव. शेजारणींनी दारातूनच विचारले, रिवाजाने विचारायचे असते तसे, "काय झालं, मिर्तो?"

"मुलगा," मिर्तो म्हणाली. आवाज तिने बारीक ठेवला होता, पण तो कापला. डहाळी दाराला अडकवताना तिचा हात पुरेना, तर कोणी पुढे होऊ लागले. तिने त्याला थांबवले आणि टाचा उंच करून स्वतःच अडकवली. मग जरा मागे सरून डहाळी सरळ आहे की नाही ते पाहत उभी राहिली. लोक खोळंबले तरी तिने घाई केली नाही.

लाम्पोनने पितळी कडीला हात लावला. मग उंबरा ओलांडून तो आत आला आणि सवयीने वरच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्यावर पाय ठेवला.

"वर नाही," मिर्तो मागून म्हणाली. "तुझं अंथरूण चुलीपाशी घातलंय."

त्याने पाय खाली घेतला. सूर्य अजून वर होता. बोलायचे नव्हते.

तिने त्याला माशाची आमटी दिली, कडेला मध लावलेली वडी दिली, आणि चुलीच्या पलीकडे जाळे दुरुस्त करत बसली. थोड्या वेळाने बोलू लागली. कुप्याच्या रांजणांना या वर्षी नवा कुंभार धरलाय, त्याचे रांजण झिरपतात. दोऱ्या वळणाऱ्याची सून नांदत नाही म्हणते. तिची आई गेली त्या वर्षी तिला कुणाला तरी सांगावेसे वाटले होते की आईने मरताना कोणाचे नाव घेतले. ते तिने आता सांगितले.

लाम्पोन ऐकत होता. त्याच्याकडेही बोलायचे कमी नव्हते. शपथ आपण रागाने घेतली, ती कशी धरता येईल? उद्याच लेओदामासला गाठायचे. आणि त्या दगडावरच्या गलबताची दोरी! सगळे ओठांवर होते. तो खिडकीकडे पाहत उन्हाचा पट्टा भिंतीवरून चढताना मोजत होता.

फानोने दारातून डोके आत घातले. "मावळला गं. बोलू दे आता त्याला," म्हणाली आणि गेली.

लाम्पोनने तोंड उघडले. मिर्तोचे वाक्य अर्ध्यावर होते. तो थांबला. ते वाक्य लांब होते, त्यातून दुसरे निघाले, त्यात त्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट आली, ती रोज धक्क्यावर जाऊन उभी राहायची तेव्हाची. अंधार पडला. तिने चुलीत एक लाकूड सारले, पण दिवा लावला नाही, बोलतच राहिली. बोलता बोलता जाळ्याची गाठ चुकली, तेव्हा मान खाली घालूनच, उत्तराची वाट पाहायची सवय नसलेल्या आवाजात, तिने विचारले,

"ऐकतोस ना?"

"ओ," लाम्पोन म्हणाला.